काळ्या रानात कोणता टायर?

ऑक्टोबरच्या अखेरीस परतीचा पाऊस एक रात्र झोडपून जातो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडते. सोलापूरजवळच्या होटगीच्या माळावर, मुरमाच्या वाटेने माउंटन बाइक अशी पळते की काल पाऊस झाला होता हे सांगूनही पटू नये. तीच सायकल माळ उतरून पाणंदीला लागते, काळ्या रानात शिरते आणि वीस-तीस पावलांत जागच्या जागी थांबते. पेडल मारले तरी चाक फिरत नाही. खाली उतरून पाहावे तर पुढच्या फोर्कच्या कमानीत आणि मागे फ्रेमच्या नळ्यांच्या बेचक्यात माती ठासून बसलेली. त्या मातीत ज्वारीची धसकटे, वाळलेले गवत, एखादा खडा. बांधावरची तुरकाटी घेऊन ती उकरून काढली की आणखी दहा पावले जाता येते. मग पुन्हा तेच. शेवटी सायकलच खांद्यावर घ्यावी लागते, आणि तोवर तिचे वजनही चांगलेच वाढलेले असते.

खरे कोडे तर पुढेच आहे. त्याच पाणंदीने बैलगाडी निघून जाते. तिच्या चाकाला रबर नाही, नक्षी नाही, नुसती गुळगुळीत लोखंडी धाव. ट्रॅक्टरही जातो. मग मुद्दाम दगडाधोंड्यांसाठी आणि चिखलासाठी म्हणून बनवलेली, जाड बटणांचे टायर लावलेली सायकलच का अडते? आणि पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत या भागात सायकल फिरवायची तर टायर कोणते घ्यावेत?

उत्तर टायरच्या दुकानात नाही, रानात आहे. आधी माती समजून घ्यावी लागते.

दुष्काळी मुलखात हिवाळ्याचा चिखल कुठून?

सोलापूर म्हटले की कोरडे रान डोळ्यांसमोर येते. पण इथला पाऊस उशिराचा. जून-जुलै कोरडे गेले तरी सप्टेंबर हात देतो. वर्षातला सर्वाधिक पावसाचा महिना तोच. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही येतो. बंगालच्या उपसागरात वादळ झाले की नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी सरी पडतात. आणि पाऊस नसला तरी उसाच्या फडाला पाणी सुटलेले असते. पाट फुटला, दांडाचे पाणी वाटेवर आले की भर जानेवारीत शे-दोनशे फूट पाणंद चिखलाने भरते. त्यातच ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे गाड्या आणि ट्रॉल्यांनी ती वाट पुरती तुडवलेली असते.

होटगी जंक्शनच्या आजूबाजूला, तलावाकडे किंवा पुढच्या गावांकडे सायकलने भटकायला हेच दिवस सर्वांत चांगले. उन्हाचा ताप नाही, तलावावर पक्षी आलेले असतात, रानात ज्वारी उभी असते. त्यामुळे चिखल टाळून भागत नाही.

माती चिकटते का?

दख्खनच्या पठाराचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्ट खडकाचा. हा खडक अर्धवट झिजला की मुरूम होतो: भरड, खडेदार, पाणी झटकन खाली सोडणारा. म्हणून माळावर पाऊस थांबताच वाट मोकळी होते. झीज आणखी पुढे गेली आणि बारीक झालेला गाळ सखल भागात साठत गेला की काळी माती होते. तिचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग चिकणमातीचा, म्हणजे २ मायक्रॉनपेक्षा, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही बारीक कणांचा असू शकतो.

या कणांत स्मेक्टाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची, आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरू शकते. पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात, माती फुगते. पाणी गेले की ती आकसते आणि उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटमधले सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा भरेल. एवढा प्रचंड पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो आणि तेच पाणी माती रबराला, लोखंडाला, चपलेला चिकटवते.

पण ही माती प्रत्येक वेळी सारखी चिकटत नाही. भाकरी करणाऱ्या हातांना हे पक्के ठाऊक असते. परातीतले ज्वारीचे कोरडे पीठ हाताला लागते, पण झटकले की जाते. पाणी घालून कालवायला लागले की एक टप्पा असा येतो की पीठ बोटांना, तळव्याला, परातीला, सगळीकडे चिकटते. आणखी पाणी ओतत गेले तर त्याची आंबील होते आणि ती हातावरून ओघळून जाते. काळ्या मातीचेही असेच तीन टप्पे: कोरडी असताना ती भुसभुशीत किंवा टणक, मधल्या ओलीत चिकट, फार पाण्यात पातळ. या टप्प्यांच्या सीमा मोजण्याची पद्धत स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये मांडली आणि जगभरचे स्थापत्य अभियंते आजही ती वापरतात.

वाळूत किंवा भरड मुरमात मधला, चिकट टप्पा जवळजवळ नसतोच. भारी काळ्या मातीत मात्र तो फार लांबलचक असतो. कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्याइतके पाणी असल्यापासून ते निम्म्याहून जास्त पाणी होईपर्यंत ती चिकटच राहते. म्हणून सायकलवाल्याचा सर्वांत वाईट दिवस धो-धो पावसाचा नसतो. पाऊस थांबून ऊन पडले, वरचे पाणी ओसरले आणि माती घट्ट होऊ लागली, तो दिवस चाक अडवतो. डबक्यातून सायकल निघते आणि डबक्याच्या काठावर रुतते, ती याच कारणाने.

ज्या गुणामुळे ही माती चाक धरते, त्याच गुणावर इथली शेती उभी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे पाऊस नसतानाही मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर माघ-फाल्गुनापर्यंत वाढते. ही ओल कशी टिकवावी याचा अभ्यास सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून चालू आहे. चाकावरची माती म्हणजे त्याच ओलीचा आपल्या वाट्याला आलेला हिस्सा!

चाक कसे अडते?

पहिली पायरी: टायरची बटणे मातीत रुततात. दोन बटणांच्या मधल्या खाचेत मातीचा एक गठ्ठा अडकतो. चाक मागे रेटत असताना हा गठ्ठा खालच्या मातीपासून तुटत नाही, तोवर पकड राहते. पकड म्हणजे एवढेच.

दुसरी पायरी: चाक पुढे फिरते, पण गठ्ठा खाचेतून बाहेर पडत नाही. सगळ्या खाचा भरल्या की बटणे मातीत बुडून जातात आणि टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत होतो. आता जमिनीला लागते ती माती, रबर नव्हे. पकड गेली.

तिसरी पायरी: मातीला माती आणखी चांगली चिकटते. प्रत्येक फेऱ्यात थर वाढतो आणि त्यात धसकटे-गवत मिसळून तो आणखी चिवट होतो. साधा हिशेब करू. २९ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. त्यावर ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड थर बसला तर सव्वादोन लिटर माती झाली. ओल्या मातीचे वजन लिटरला पावणेदोन-दोन किलो धरले तर चाकामागे चार किलो. दोन्ही चाकांचे आठ. चांगल्या सायकलचे स्वतःचे वजन तेरा-चौदा किलो असते, हे लक्षात घ्या.

चौथी पायरी: थर फोर्कला आणि फ्रेमला घासू लागतो. तिथे खरवडलेली माती बेचक्यात साठते, दाबली जाते आणि चाकाला ब्रेक लागतो.

वेगात गेले तर माती उडून जाणार नाही का? जाते, पण वेग असेल तर. ताशी २० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या २९ इंची चाकावरच्या मातीला बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या साधारण साडेआठ पट असतो. चिखलात वेग ८ किलोमीटरवर आला की तो जोर जेमतेम तिच्या वजनाच्या दीडपटीपर्यंत खाली येतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे माती झटकायची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच चाकाची झटकण्याची ताकद संपलेली असते. एकदा वेग मोडला की मग काही खरे नाही.

मग बैलगाडी कशी जाते?

बैलगाडीचे चाक स्वतः जोर लावत नाही. ओढतात ते बैल. त्यामुळे चाकाला पकड लागतच नाही. अरुंद धाव मऊ थर कापत खालच्या जुन्या, दाबून घट्ट झालेल्या चाकोरीपर्यंत पोचते. माती तिलाही चिकटते, पण चाकाभोवती फोर्क नाही, मडगार्ड नाही, काहीच नाही. थर वाढला की आपल्याच वजनाने गळून पडतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर तिरक्या, उंच, एकमेकींपासून लांब असलेल्या पट्ट्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला उघड्या असल्याने माती कडेने सटकते. शिवाय टायर आणि मडगार्ड यांच्यात भरपूर जागा असते.

यातून आपल्याला हवे ते सूत्र मिळते. काळ्या मातीत टायर किती पकडतो, याला दुय्यम महत्त्व. तो माती किती लवकर सोडतो आणि सुटलेल्या मातीला बाहेर पडायला वाट आहे का, हे आधी पाहायचे. पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढून ठेवणारे गावाकडचे मोटारसायकलवाले हेच करत असतात.

टायर निवडताना

*रुंदी.* रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज वाळूत आणि खडकाळ वाटेवर बरोबर आहे. चिकट मातीत तो उलटतो. रुंद टायर जास्त माती उचलतो आणि फ्रेममधली फट खातो. फ्रेममध्ये २.४ इंची टायर मावत असेल तरी हिवाळ्यासाठी २.१ ते २.२५ इंचीच घ्यावा. तो चाकोरीतल्या घट्ट थरापर्यंत लवकर पोचतोही. टायर चढवल्यावर दोन्ही कडांना आणि वर, फ्रेम व टायर यांच्यात बोट सहज फिरले पाहिजे. ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर माती तिथेही अडकते. डिस्क ब्रेकच्या सायकलला तो त्रास नाही. नांगरलेल्या रानात मात्र खाली घट्ट थरच नसतो, तिथे कोणत्याही रुंदीचा टायर उपयोगाचा नाही.

*बटणे.* उंच आणि विरळ असावीत. दोन बटणांच्या मध्ये करंगळीचे टोक बसेल एवढी खाच हवी, आणि खाच कडेपर्यंत मोकळी हवी. चारी बाजूंनी बंद असलेल्या खाचेतली माती निघत नाही. कमी उंचीची, दाट बटणे डांबरावर आणि सुक्या मुरमावर सुरेख पळतात, पण काळ्या मातीत पहिल्या शंभर फुटांत भरून जातात.

बाजारात चिखलासाठी दोन प्रकार मिळतात. श्वाल्बेचा डर्टी डॅन किंवा मॅक्सिसचा वेटस्क्रीम हे पुरते चिखलाचे टायर: खिळ्यांसारखी उंच बटणे. मॅक्सिसचा शॉर्टी, श्वाल्बेचा मॅजिक मेरी हे मधले: बटणे उंच आणि विरळ, पण घट्ट जमिनीवरही चालणारी. होटगीसारख्या ठिकाणी दुसराच प्रकार बरा. इथे एका फेरीत डांबर, मुरूम आणि काळी माती तिन्ही लागतात. उंच बटणे डांबरावर वाकतात, वळणावर सायकल डोलते आणि मुरमावर ती महिन्या-दोन महिन्यांत झिजतात. या परदेशी टायरच्याच मागे लागले पाहिजे असे नाही. बटणे आणि खाचा वरच्या कसोटीला उतरल्या तर साधा टायरही चालेल.

*पुढचा आणि मागचा.* एकच टायर बदलायची ऐपत असेल तर पुढचा बदला. मागचे चाक घसरले तर सायकल फक्त वळवळते. पुढचे घसरले तर माणूस पडतो. मागे थोडा कमी उंच बटणांचा, हलका फिरणारा टायर ठेवता येतो. कडेवरचा बाण फिरण्याच्या दिशेनेच असावा.

*रबर.* युरोपात हिवाळ्यासाठी मऊ रबर सुचवतात, कारण तिथे थंडीत रबर कडक होते आणि ओल्या मुळ्या-दगडांवरून निसटते. होटगीत हिवाळ्यात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास असला तरी दुपारी तीसला टेकतो. इथे मध्यम रबर पुरे. मऊ रबर मुरूम खाऊन टाकतो.

*हवा.* टायर जमिनीवर जेवढ्या जागेत टेकतो ती जागा साधारणपणे भार भागिले हवेचा दाब एवढी असते. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर मागच्या चाकावर ४८ किलो येतात. ४० पीएसआय हवेत टायर सुमारे १७ चौरस सेंटिमीटर टेकतो, २५ पीएसआयला २७. शिवाय कमी हवेचा टायर दर फेऱ्यात दबतो आणि फुगतो. त्या हालचालीने खाचांतली माती सैल होऊन गळते. म्हणून चिखलात हवा कमी ठेवतात: ट्यूब असेल तर २८ ते ३२, ट्यूबलेसला २२ ते २५. त्याहून कमी केली तर मुरमातल्या दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोके पडतात. पंक्चरच्या दुकानात सवयीने कडक हवा भरतात, तेव्हा आधीच सांगावे.

*काटे.* इथला खरा शत्रू चिखलाआड दडलेला असतो: बाभूळ, वेडी बाभूळ आणि बांधावरचे सराटे. विरळ बटणांचा टायर माती चांगली सोडतो, पण दोन बटणांमधले पातळ रबर काट्याला उघडे पडते. त्यामुळे चिखलाचा टायर घेणाऱ्याने ट्यूबलेस केलेले बरे. आतले द्रवरूप सीलंट बारीक छिद्रे आपोआप बुजवते. सोलापूरच्या उन्हात ते लवकर सुकते. दर दोन महिन्यांनी तपासून भर घालावी.

*माप.* टायरच्या कडेवर ५७-६२२ असा आकडा असतो. पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेच्या व्यासाचा. २६ इंची चाकाला ५५९, साडेसत्तावीसला ५८४ आणि २९ ला ६२२. इंचांतल्या नावांचा घोळ होऊ शकतो, या आकड्याचा होत नाही.

टायरच्या पलीकडे

चिखलात सायकल शर्यतींची सर्वांत जुनी आणि कसलेली परंपरा बेल्जियमसारख्या देशांतल्या सायक्लोक्रॉसची. ही शर्यत मुख्यतः हिवाळ्यात असते आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिथला टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. तरीही त्या सायकली चिखलाने भरतातच. म्हणून मार्गावर थांबे असतात. तिथे स्पर्धक मळलेली सायकल देऊन धुतलेली दुसरी घेतो आणि पुढे जातो. जगातले सर्वांत तरबेज चिखलवीर टायरवर एवढाच भरवसा ठेवतात.

आपल्यामागे सायकल धुणारा मेकॅनिक नसतो. पण काही गोष्टी फुकटात होतात. वाटेच्या मधोमध किंवा कडेला गवत असेल तर त्यावरून चालवा. गवत टायर पुसते आणि मातीला रबरापर्यंत पोचू देत नाही. उथळ डबके दिसले तर वळसा न घालता त्यातून जा. पातळ पाणी खाचा धुऊन काढते. निघण्यापूर्वी फ्रेमच्या बेचक्यांना आणि फोर्कच्या आतल्या बाजूला थोडे खाद्यतेल चोळले तर माती कमी चिकटते, मात्र डिस्क, ब्रेक पॅड आणि रिमला तेलाचा हात लागता कामा नये. घरी आल्यावर साखळी लगेच धुवा. टायर-फ्रेमवरची माती सुकू द्या. ती आकसून तडकते आणि हाताने ढलपे निघतात. ओली घासत बसलात तर ती नुसती पसरते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय टायरचा नसून दिवसाचा. पावसानंतर शेतकरी लगेच रानात औत घालत नाही. वापसा येण्याची वाट पाहतो. माती ना चिकट ना टणक, अशी मशागतीला योग्य झाली की वापसा आला. सायकलसाठीही कसोटी तीच. पाणंदीतली मूठभर माती तीन-चार इंच खोलीवरून काढा, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर निघा. आपटून चपटा झाला तर त्या दिवशी माळाची वाट धरा. चिकट मातीत रेटलेली सायकल पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडते, त्या वाळून दगडासारख्या होतात आणि मग दूध, कडबा, ऊस घेऊन त्याच वाटेने रोज जाणाऱ्यांना हंगामभर नडतात.

थोडक्यात

- काळ्या मातीचा मधला, चिकट टप्पा सर्वांत वाईट. तो पाऊस थांबल्यावर येतो.
- रुंदी २.१ ते २.२५ इंच. टायर आणि फ्रेम यांच्यात बोट फिरेल एवढी फट.
- बटणे उंच, विरळ; खाचा कडेला उघड्या. पुरता चिखलाचा टायर नको, मधला घ्या.
- पैसे एकाच टायरपुरते असतील तर पुढचा बदला.
- हवा: ट्यूबला २८ ते ३२, ट्यूबलेसला २२ ते २५ पीएसआय.
- काट्यांसाठी सीलंट. दर दोन महिन्यांनी तपासणी.
- मडगार्ड काढून ठेवा. वाटेत माती उकरायला काठी जवळ असू द्या.
- गोळा फुटला तर पाणंद, चपटा झाला तर माळ.